साळवे मिसचा पियानो आणि उमरेडचा माग

पियानोला भाता नसतो. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असेल. मला ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका सभ्य, चष्मेवाल्या बाईंसमोर. झालं असं, की मी स्टुलावर बसलो, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा हात आपोआप पुढे गेला — भाता शोधायला. जन्मभर पेटी वाजवलेला माणूस मी, डाव्या हाताला दुसरं काम माहीतच नाही. भाता सापडेना म्हणून हात वर चढला, पियानोवर अंथरलेला क्रोशाचा रुमाल बोटांत आला आणि रुमालासकट चिनी मातीचं एक कुत्रं माझ्या मांडीत येऊन बसलं. फुटलं नाही. ते माझ्याकडे बघत होतं, मी साळवे मिसकडे.

मिस इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी मुख्यतः हसायला वाचतो, हे सांगून टाकलेलं बरं. आमच्या पाचपावलीत चिंचेवर पांढरं काहीतरी बसतं अशी आवई उठली होती, तेव्हा टॉर्च घेऊन मीच गेलो होतो. लांजेवारचा बनियन निघाला. लांजेवार म्हणजे माझा शेजारी, ऑफिसातला सहकारी आणि आमच्या भजन मंडळाचा तबलजी. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. फक्त एक गोष्ट सोडून... आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मला विचारतंय कोण. ती घडून गेली, आणि तिच्यामुळे माझं घर घर राहिलं.

साल चौऱ्याऐंशी. माझं ऑफिस नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, घर पाचपावलीत. मधे रेल्वेची लाइन. सायकलने निवांत गेलो तर अर्धा तास, फाटक लागलं तर देवाची मर्जी. आम्ही मूळचे विणकर. माझ्या वडिलांनी मला मागावर बसू दिलं नाही, शाळेत घातलं, म्हणून मी कारकून झालो. बायको सुशीला उमरेडची, तिच्याकडे मात्र माग शेवटपर्यंत चालू होता. आदल्या वर्षी दिवाळीनंतर माझे सासरे एका दुपारी मागावरच बसल्या बसल्या गेले. अर्धं पातळ विणलेलं होतं. मेहुण्याने तेरावं झाल्यावर माग उचकटून विकला — त्याचंही बरोबर, त्याला वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात नोकरी, मागाचं तो काय करणार.

त्यानंतर सुशीलाची झोप गेली.

झोप गेली म्हणजे कमी झाली, असं नाही. गेली. डोळा लागतोय असं वाटायचं, आणि ती खाडकन उठून बसायची. सुरुवातीला मी म्हटलं, दुःख आहे, निवळेल. दिवाळीचा पौष झाला, पौषाचा माघ झाला. तिच्या डोळ्यांखाली काजळ पुसल्यासारखं दिसायला लागलं. चहात मीठ पडायचं, ते मी गुपचूप प्यायचो. पण एकदा पेटत्या स्टोव्हसमोर बसल्या बसल्या तिची मान कलली आणि पदर... तो मी वेळेवर ओढला म्हणून. त्या दिवसापासून मला ऑफिसात स्वस्थ बसवेना. शेजारच्या कमळाबाईंना सांगून ठेवलं, की दुपारी अधूनमधून डोकावत जा.

धंतोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की ती दिवसभर पाण्यात चालल्यासारखी चालायची, पण झोपायची नाही. डबी मी माझ्या खिशात ठेवायला लागलो. काहून ते लिहीत नाही. समजून घ्या.

एकदा मी तिला विचारलं, “डोळा लागला का होते काय नेमकं? स्वप्न पडते का?”

“स्वप्न नाही. माग थांबते.”

“कोणता माग?”

“बाबांचा. डोळा लागला का तो सुरू होते. खट-खट, ठक. खट-खट, ठक. बरं वाटते. अन् मंग एकदम थांबते. थांबला का मी जागी.”

विणकराच्या घरातली पोरं मागाच्या आवाजात झोपतात, हे मला ठाऊक होतं. आवाज थांबला की जागी होतात, हेही. म्हटलं, “पण लहानपणीही थांबतच असेल ना. सूत तुटलं का माग थांबतेच.”

“थांबत होता ना. आम्ही उठत होतो सगळे. मंग आई म्हणे, झोपा गं, सूत जोडून राहिले बाबा. मंग झोपत होतो.” आणि मग, मी काही विचारलं नसताना म्हणाली, “माग थांबला तरी बाबा थांबत नव्हते. हात सुरूच राहत. तुटलेलं टोक शोधायचं, वळ द्यायचा, जोडायचं. आवाज नाही, पण काम सुरू. आता आवाज थांबते अन् मले समजते का कोणी जोडून नाही राहिलं.”

मी पाणी आणून दिलं.

त्याच सुमारास साळवे मिस माझ्या आयुष्यात आल्या. लांजेवार याला ‘म्हातारपणीचं प्रकरण’ म्हणायचा. मिस सत्तरीच्या होत्या. आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये एकट्या राहायच्या. जन्मभर पियानो शिकवलेला, आता सांधेवाताने बोटं आल्याच्या कुड्यांसारखी झालेली. त्यांच्या प्रार्थनेच्या पेटीचा एक सूर अडकला होता आणि मी हौस म्हणून पेट्या दुरुस्त करतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं. लंचच्या सुट्टीत गेलो, सुराखालचं झुरळ काढलं आणि निघताना कोपऱ्यातल्या पियानोला सहज हात लावला. पुढचं कुत्र्याचं तुम्हाला माहीत आहे.

हसू आवरल्यावर मिस म्हणाल्या, “धकाते, तुमची बोटं चांगली आहेत. डोकं पेटीवाल्याचं आहे, पण त्याला इलाज करता येईल.” मग कपाटातून एक गाण्याचं पुस्तक... पुस्तक कसलं, चार पानं काढली. परदेशात नर्स असलेल्या त्यांच्या भाचीने पाठवलेली. तिकडच्या कुणा हयात माणसाने लिहिलेली पियानोची नवी चीज. नाव अशा भाषेत, की मिसलाही वाचता येईना. “मला हे ऐकायचं आहे. माझ्या हातांनी आता होत नाही. तुम्ही वाजवाल?”

मी पानं बघितली. मला ती इंग्रजी नोटेशनची लिपी येत नव्हती, पण एवढं दिसलं की कागदावर सुरांपेक्षा कोरी जागा जास्त आहे. म्हटलं, “मिस, हे छापायचं अर्धं राहिलं वाटते.”

“नाही,” मिस म्हणाल्या, “एवढंच आहे.”

तर असा मी दुपारच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत उरकून पियानो शिकायला लागलो. मिस सरगममध्ये सांगायच्या, मी पाठ करायचो. बोटांना त्यात काही काम नव्हतं. डाव्या हाताचे दोन सूर, उजव्याचा एक, मग थांबायचं. पुन्हा तेच, फक्त एखादा सूर बदललेला. पुन्हा थांबायचं. बस. ताना नाहीत, ठेका नाही, समेवर येणं नाही... कुठे पोचायची घाईच नाही त्या चिजेला. एका आठवड्यात पाठ झाली. मी मनात म्हटलं, परदेशात लोक याचे पैसे घेतात?

आणि मग लक्षात आलं, की मला ती येत नाहीये.

पेटीवाल्याची एक खोड असते. सूर तुटू द्यायचा नाही. गायक श्वास घेतो तेव्हा आम्ही त्याची जागा भरून काढतो, तीच आमची भाकरी. पियानोचं उलटं. पट्टी दाबली की सूर येतो आणि लगेच मरायला लागतो. तुम्ही कितीही जोराने दाबून धरा — मी धरायचो, दात-ओठ खाऊन — तो मरतोच. त्यातून मिसचा पियानो नागपूरच्या उन्हाने वाळलेला. लाकूड तडकू नये म्हणून त्या खालची फळी काढून आत पाण्याचं भांडं ठेवायच्या, तरी त्याचा सूर कोरड्या घशासारखा, पटकन संपणारा. मग ती शांतता मला खायला उठायची आणि माझा उजवा हात तिथे हळूच एक हरकत टाकून द्यायचा.

“धकाते, तिथे काही लिहिलेलं नाही.”

“म्हणून तर भरलं, मिस. खाली होतं.”

“ते खाली ठेवायला लिहिलं आहे.”

मग मी हात आवरून नुसता थांबायला लागलो. तेही मिसना पसंत नाही. “आता तुम्ही बस-स्टॉपवर उभं राहिल्यासारखे थांबता. थांबणंही वाजवायचं असतं. मला शब्दांत सांगता येत नाही... मला स्वतःलाच या चिजेचा अर्थ अजून लागलेला नाही.”

घरी सुशीलाला या शिकवणीचं सांगितलं होतं. झोपेवाचून तिच्या जिवाचं पाणी झालं होतं, पण जीभ शाबूत होती. “केस पिकले अन् शाळा लागली,” ती म्हणाली. “एखाद दिवस घरी वाजवून दाखवा ना मंग.” पण घरी पेटीवर ते जमणं शक्यच नव्हतं. पेटीचा सूर मरत नाही, मग कशासाठी थांबायचं? आणि गुणगुणावं असंही त्यात काही नव्हतं. तेव्हा ती चीज आमच्या घरात कधी ऐकू आली नाही, हे मी ठामपणे सांगतो. पुढे याला महत्त्व आहे.

होळी झाली. ऊन तापायला लागलं. एका शुक्रवारी सुशीला अंगणातल्या पायरीवर पडली, कपाळाला खोक पडली. डॉक्टर टाके घालून मला बाजूला घेऊन म्हणाले, असं चालणार नाही, सोमवारी वेड्यांच्या... ते सभ्य शब्द वापरत होते, पण मला कळलं कोणता दवाखाना. भरती करा. विजेचा उपचार द्यावा लागेल बहुतेक.

सुशीलाने दाराआडून ऐकलं होतं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “मले तिथं नका नेऊ. मी झोपतो. प्रयत्न करतो.” झोपायचा प्रयत्न करीन असं कुणी वचन दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खरं तर रजाच टाकायची. पण तिनेच जा म्हणून लावून दिलं. माझं तोंड बघवत नसावं तिला. ऑफिसात लांजेवारने डबा उघडला आणि म्हणाला, “काहून गा, जेवत नाही?” मी उठलो आणि मिसकडे गेलो. पियानो वाजवायला नाही. कुठेतरी जायचं म्हणून.

मिसनी माझा चेहरा बघितला. खुर्ची ओढून नेहमीच्या जागी बसल्या. मी स्टुलावर बसलो आणि वाजवायला लागलो.

दोन सूर. एक सूर. आणि थांबलो.

त्या थांबण्यात मला एकदम सासरे दिसले. भूत वगैरे नाही... आठवले म्हणा. माग थांबलेला, मान खाली, दोन्ही हात ताण्याच्या उभ्या धाग्यांत, तुटलेलं टोक शोधताहेत. मी लग्नानंतर पहिल्यांदा उमरेडला गेलो तेव्हा ते असेच बसले होते आणि मी आपला ‘पाया पडू की थांबू’ करत उभा. जोडून झाल्याशिवाय त्यांनी वर पाहिलं नव्हतं. तेव्हा मला राग आला होता, जावई म्हणून. आता पियानोसमोर मला वाटलं, अस्सं. हे आहे ते. इथे कुणी गप्प बसलेलं नाही. इथे जोडणं चालू आहे.

मग मी प्रत्येक थांब्याला मनात टोक शोधायला लागलो. सापडलं की वळ द्यायचा आणि मगच पुढचे दोन सूर. कधी लवकर सापडायचं, कधी वेळ लागायचा. मनातल्या मनात मी म्हणत होतो — कुणाला ते तुम्हाला कळेल — झोप, जोडून राहिलो.

अर्ध्याच्या थोडं पुढे उजव्या हाताचा एक सूर आहे, वरचा गंधार. तो वाजवला आणि थांबलो.

तो सूर संपेना.

मी वाट पाहतोय. त्या कोरड्या पियानोचा सूर एवढा टिकत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार, रोज त्याच्याशी भांडत होतो. सूर लांबवायचं जे पायाखालचं पेडल असतं, त्यावर पाय नव्हता. बोटसुद्धा मी उचललेलं होतं, आणि बोट उचललं की पियानोचा सूर तिथेच बंद पडतो. तरी तो ऐकू येत होता. मोठा नाही. जात्यातून पीठ पडावं तसा, बारीक, एकसारखा. बाहेर गल्लीत एक सायकल घंटी वाजवत आली आणि गेली, तरी तो होताच. मी हळूच मिसकडे बघितलं. त्यांनी आपली वाकडी बोटं छातीशी धरली होती आणि त्या पियानोकडे नाही, खिडकीबाहेर बघत होत्या. जिकडे आवाज जातो आहे तिकडे, असं मला वाटलं. खिडकी पूर्वेची आहे, पाचपावलीच्या बाजूची. हे मी नंतर पाहिलं.

किती वेळ ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही पान उलटाल.

मग तो संपला. मी पुढचे सूर वाजवले. त्या नादात पुढची एक ओळ मी दोनदा वाजवली — भजनात मुखडा परत घेतो ना, त्या सवयीने. शेवटपर्यंत गेलो आणि हात मांडीवर ठेवले.

मिस म्हणाल्या, “ती ओळ दोनदा घेतलीत.”

“हो.”

“असू दे.” आणि मग, “मधे पाय होता का पेडलवर?”

“नव्हता, मिस.”

“मला वाटलंच.” त्या उठल्या, खालची फळी काढून आत बघितलं. पाण्याचं भांडं होतं तसं होतं. फळी लावून म्हणाल्या, “धकाते, हे मी चर्चमध्ये सांगणार नाही. तुम्हीही भजनात सांगू नका.”

संध्याकाळी घरी आलो तर कमळाबाई ओट्यावर उभ्या. त्यांचा चेहरा पाहून माझ्या हातातली सायकल सुटली. “भाऊ, वहिनी उठून नाही राहिल्या. दुपारी तुमची जेवायची सुट्टी होते ना, त्याच्या मागंपुढं लवंडल्या. म्या तीनदा हाका मारल्या.”

मला एकच आठवलं. गोळ्या. मी आत धावलो आणि डबी शोधायला लागलो — फडताळात, गादीखाली, तिच्या ट्रंकेत, पिठाच्या डब्यात हात घातला. शोधता शोधता काहीतरी खुळखुळ वाजत होतं. कमळाबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या खिशात काय वाजून राहिलं?”

डबी माझ्याच खिशात होती. भरलेली.

मग मी बायकोकडे नीट पाहिलं. ती चटईवर कुशीवर झोपली होती. कपाळावर पट्टी, तोंड जरासं उघडं, गालावर चटईचे वळ उठलेले. श्वास असा चाललेला, की... मला वर्णन जमत नाही. झोपलेलं माणूस. एवढंच. मी अंगात शर्ट तसाच, पिठाने भरलेले हात तसेच, जमिनीवर बसून तिच्याकडे बघत राहिलो. कमळाबाई पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

दिवेलागणीनंतर तिने डोळे उघडले. “अंधार झाला?” मग माझ्याकडे बघून, “तुमचे हात काहून पांढरे?”

“तू झोपली होतीस, सुशीला.”

तिने इकडेतिकडे पाहिलं. कपाळ चाचपलं. आणि मग, बापाच्या मौतीलाही रडली नव्हती तितकी रडली. मी घाबरलो, पण ते बरं रडणं होतं. पाणी पिऊन म्हणाली, “बाबा होते.”

दुपारचं एक अक्षर मी तिला सांगितलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

“माग सुरू होता. पण आज हळू. बाबा एवढं हळू कधी विणत नव्हते.” तिने चटईच्या काठावर बोटाने टिचक्या मारल्या. दोन. एक. थांबली. दोन. एक. “अन् थांबला का मी जागी होऊन राहिली होती, पण मले ऐकू येई का जोडून राहिले. म्हणून नाही उठली. एक सूत तं सापडतच नव्हतं. लय वेळ. लय वेळ बसले ते. मले वाटलं, आता नाही सापडत. तरी मी पडून राहिली.” ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. “सापडलं. मंग एवढे थकले का एक ओळ विणली, अन् पुन्हा तीच विणली. बाबा असे कधी चुकत नव्हते.”

मी उठून बाहेर ओट्यावर गेलो.

रविवारी ती पुन्हा झोपली. रात्रीही झोपली. सोमवारी मी डॉक्टरांकडे एकटाच गेलो. ते म्हणाले, गोळ्यांचा असर कधीकधी उशिरा होतो. मी हो म्हटलं. गोळ्या तिने आठवडाभर घेतलेल्या नव्हत्या. पण त्यांच्या चांगुलपणाबद्दल माझी तक्रार नाही. भरती टळली, मला आणखी काय पाहिजे होतं.

आता स्पष्टीकरणाचं. लांजेवारला मी सगळं सांगितलं — मिसनी भजनात सांगू नका म्हटलं होतं, लांजेवारला सांगू नका असं थोडंच. तो म्हणाला, “तू जेवताना ताटावर बोटं वाजवते गा. घरी वाजवले असशील. तिच्या डोक्यात बसलं ते.” बरोबर आहे, वाजवतो मी. दोन-एकचं गणित त्यातून लागेल. मागाचा ठेकाही तसाच असतो. पण शनिवारचा तो लांबलेला थांबा? ती दोनदा घेतलेली ओळ? या गोष्टी तर शनिवारीच पहिल्यांदा घडल्या, रेल्वेच्या लाइनीपलीकडे, बंद खोलीत. यावर लांजेवारने खूप विचार केला आणि विडी मागितली.

मी माझ्या परीने टेस्टही केली. त्यानंतर कितीतरी दुपारी मी ती चीज वाजवली, मुद्दाम कुठे जास्त थांबून, आणि घरी येऊन सुशीलाला आडून आडून विचारलं. काही नाही. ती छान झोपायची, काही ऐकायची नाही. तो गंधारही पुन्हा तसा कधी टिकला नाही. पट्टी दाबली, वाजला, मेला. मी मिसना विचारलं, तुमचं काय मत? त्या म्हणाल्या, “मला चीज ऐकायची होती, ऐकली. जास्त मागायचं नसतं.” पुढल्या वर्षी त्या गेल्या. पियानो भाचीने कुणाला तरी देऊन टाकला. आज कोणाकडे आहे माहीत नाही, पण ज्यांच्याकडे असेल त्यांचं देव भलं करो.

तेव्हा माझ्याकडे उत्तर नाही. शोधणंही सोडलंय. आजही ती झोपली की मी एकदा तिचा श्वास ऐकतो, आणि कोणाचे ते नक्की न कळल्यामुळे सगळ्यांचेच आभार मानून कूस बदलतो.

फक्त एक राहिलं. त्याच वर्षी, उन्हाळा संपता संपता, एका रविवारी मी सुशीलाला मिसकडे घेऊन गेलो होतो. मिसना तिला भेटायचं होतं. तोवर मी तिला शनिवारच्या दुपारबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायला सुरुवात कुठून करायची हेच कळत नव्हतं. मिसनी चहा दिला, केक दिला आणि मला म्हणाल्या, वाजवा. मी अगदी मन लावून वाजवलं. जितकं येत होतं तितकं सगळं. सुशीला नवं पातळ नेसून खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, डोळे त्या चिनी मातीच्या कुत्र्यावर. संपल्यावर मिसनी विचारलं, कसं वाटलं? “चांगलं आहे,” ती अदबीने म्हणाली.

रस्त्यावर आलो. रिक्षा दिसत नव्हती. कडुनिंबाखाली उभे होतो. मी सहज म्हणून, पण कान टवकारून विचारलं, “खरंच चांगलं वाटलं?”

तिने पदर सावरला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिक्षा बघितली आणि म्हणाली, “वाजवलं चांगलं. पण त्या शनिवारी याच्यापेक्षा चांगलं वाजवलं होतं तुम्ही.”